गरम पाण्याचा रकाना

घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज, गॅस, औषधे, सोसायटीचा मेंटेनन्स असे रकाने असतात. गरम पाण्याचा रकाना मात्र मी आजवर कुणाच्या वहीत पाहिलेला नाही. गॅसचे बिल आले की ते स्वयंपाकाच्या खात्यावर मांडले जाते, विजेचे बिल फुगले की एसीकडे आणि मुलांच्या रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या दिव्यांकडे बोट दाखवले जाते, आणि रोज सकाळी ज्या न्हाणीघरात इतके इंधन खर्ची पडते त्याचे नावही कुणी घेत नाही. इंधन बेताच्या दरात मिळत होते तोवर हे खपून गेले. पुढे घरगुती सिलिंडरने मुंबईत मार्च २०२३ मध्ये ११०२.५० रुपयांचा टप्पा गाठला, त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो दोनशे रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी शंभराने खाली आला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पन्नासाने चढून ८५२.५० वर गेला. या चढउतारांनी घराघरांत एक धास्ती ठेवली आहे. पुढचा दर काय असेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून जो तो आपापल्या परीने हात आखडतो. माझे म्हणणे इतकेच आहे की गरम पाण्याच्या खर्चाला स्वतःचा रकाना नसल्यामुळे आपली ही काटकसर बहुतेक वेळा भलत्या ठिकाणी होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तिची गत आहे.

हा रकाना आखणे अवघड नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. आंघोळीची बादली वीस लिटरांची धरली, नळाचे पाणी पंचवीस अंशांचे आणि अंगावर घ्यायचे पाणी चाळीस अंशांचे धरले, तर एका आंघोळीला तीनशे किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे थोडी गळती धरून बादलीमागे ०.४ युनिट. एलपीजीच्या एका किलोत सुमारे अकरा हजार किलोकॅलरी असतात. पण शेगडीवर पातेले ठेवले की त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते, त्यामुळे बादलीमागे पन्नास ग्रॅम गॅस जळतो, आणि चांगल्या गॅस गिझरमध्ये पस्तीस ग्रॅमच्या आत काम होते. एप्रिल २०२५ चा दर धरला तर शेगडीवर तापवलेली बादली तीन रुपयांना आणि गॅस गिझरची दोन रुपयांना पडते. नळाने येणाऱ्या गॅसचा दर त्याच महिन्यात महानगर गॅसने घनमीटरमागे ४९ रुपये केला होता. त्या हिशेबानेही गिझरची बादली दोन रुपयांच्याच घरात जाते.

विजेचा हिशेब मात्र सरळ नाही, आणि नेमका तिथेच घरोघरी घोळ होतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा आणि त्यापुढच्या दोनशेंचा वेगळा असतो. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, धरला तर दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट होतो, आणि सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला एकशे वीस बादल्या पाणी तापते असे धरले तर केवळ आंघोळीची पन्नासेक युनिटे होतात. ज्या घराचे एरवीचे बिल शंभरेक युनिटांचे असते त्या घरात ही पन्नास युनिटे जवळजवळ पूर्णपणे वरच्या टप्प्यात पडतात, आणि २०२५-२६ च्या दराने जी बादली पहिल्या टप्प्यात पावणेतीन रुपयांना पडली असती ती पाच रुपयांना पडू लागते. महिन्याकाठी सहाशे रुपयांच्या आसपासचा हा खर्च बिलावर ‘गिझर’ म्हणून कुठेही छापलेला नसतो. शॉवरची सवय असेल तर हिशेब आणखी वाढतो, कारण मिनिटाला आठ लिटर पाणी देणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की चार बादल्या पाणी वाहून जाते. शॉवरखाली उभे राहणाऱ्याला हे ठाऊक नसते; त्याला फक्त आज बरे वाटले एवढेच कळते, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही.

२०२५ च्या जुलैपासून नवे टीओडी मीटर, म्हणजे दिवसातल्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारे मीटर, बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली. निवृत्त माणसांनी आंघोळीची वेळ नऊनंतर नेली तर त्यांना तिचा उपयोग आहे. पण ठाण्याहून सात वाजून काही मिनिटांची लोकल पकडणाऱ्याला आणि सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलांना तिचा काय उपयोग? घरात गरम पाणी लागते ते सकाळी सहाला, आणि ती वेळ कुणी हौसेने निवडलेली नाही.

दर का चढतात हा प्रश्न विचारायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. माझी थोरली बहीण नेरूळला राहते. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यावर आम्ही दोघी एकदा खास तेवढ्यासाठी उरणला गेलो होतो. मुंबईच्या समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हाय क्षेत्राचा नैसर्गिक वायू समुद्राखालच्या नळातून याच उरणला किनाऱ्यावर येतो, तिथल्या प्रकल्पात त्यातून एलपीजी वेगळा काढला जातो, आणि परदेशातून जहाजांनी येणारा एलपीजी उतरवून साठवण्याची सोयही याच परिसरात आहे. ठाण्यातल्या माझ्या शेगडीची निळी ज्योत आणि बहिणीच्या घरचा सिलिंडर, दोन्हींची वाट अशी आमच्या उंबरठ्यापासून हाकेच्या अंतरावरून जाते. तरीही त्यांचे मोल इथे ठरत नाही. भारताला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी बाहेरून येतो, त्यातला बहुतेक कतार, अमिराती, सौदी अरेबिया आणि कुवेत या आखाती देशांतून होर्मुझच्या सामुद्रधुनीमार्गे येत आला आहे, आणि सौदीची सरकारी तेल कंपनी दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचा जो भाव डॉलरमध्ये जाहीर करते तो या व्यवहाराचा पाया असतो. सामुद्रधुनीत तणाव वाढला की त्याची झळ आधी जहाजांच्या विम्याला, मग भाड्याला आणि मग कधीतरी आपल्या स्वयंपाकघराला लागते.

आपल्याच समुद्रातल्या वायूचेही तसेच आहे, आणि हे मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. या वायूचा सरकारने ठरवलेला दर ऑक्टोबर २०२२ मध्ये दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे एकक) साडेआठ डॉलरांच्या वर गेला होता. वायूच्या दरासाठी सरकारने नेमलेल्या पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून तो कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरी किमतीच्या दहा टक्के असा बांधला गेला, त्याला खाली चार डॉलरांचा तळ आणि वर साडेसहा डॉलरांची मर्यादा ठेवली गेली, आणि एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा पावणेसात डॉलर झाली. ही मर्यादा घातल्यामुळे घरगुती ग्राहकाला मोठा आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. २०२२ सारखा झटका पुन्हा थेट चुलीपर्यंत पोहोचू नये यासाठी ती भिंत उपयोगी आहे. पण वरळीच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या समुद्राच्या पोटातून निघणाऱ्या वायूची किंमत जगातल्या तेलावरून मोजली जाते, ही गोष्ट राहतेच. दर आपल्या हातात नाही. किती पाणी, किती अंश आणि कोणत्या उष्णतेने, एवढेच आपल्या हातात आहे.

माझे बालपण ठाण्यातच, चरईतल्या एका जुन्या घरात गेले. मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळकांड्यात वरून करवंट्या, झावळ्यांचे तुकडे, वखारीतून आणलेला कोळसा असे काहीबाही टाकायचे, खालच्या जाळीतून राख पडायची, आणि ती राख पितळी भांडी घासायला जायची. त्या बंबाची एक रीत होती. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून ऊन पाणी बाहेर येत नसे. जितके ओताल तितकेच मिळेल. त्यामुळे प्रत्येकाला बादलीभर घेण्याआधी बादलीभर आणून ओतावे लागे, आणि घरातल्या लहान मुलालाही कळत असे की आपण घेतले तेवढे आता पुन्हा तापायला वेळ लागणार आहे. आजी सकाळीच जळणाची टोपली बाहेर काढून ठेवी आणि टोपली रिकामी झाली की उरलेल्यांनी कोमट पाण्यावर भागवायचे, हा नियम कुणी बोलून दाखवत नसे. दिवाळीच्या चार दिवसांत मात्र टोपलीला बंधन नसे. नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून झाल्यावर घंगाळात जे कढत पाणी विसणून मिळे, ते वर्षातले सर्वांत उदार पाणी होते.

त्या बंबाचे मला कौतुक आहे, पण तो परत यावा असे मी म्हणणार नाही. त्याच्या धुराने आजीचे डोळे कायम चुरचुरत आणि हिवाळ्यात तिचा खोकला महिनामहिना हटत नसे. मला त्यातली एकच गोष्ट आज हवीशी वाटते, ती म्हणजे जळण डोळ्यांसमोर होते. पुढे रेशनकार्डावरचे रॉकेल आले आणि डबा घेऊन रांगेत उभे राहणे आले, तेव्हाही ते मोजून वापरले जाई. मग बरीच वर्षे वाट पाहून सिलिंडर आला. त्याला हलवून, उचलून, बाजूवर ओल्या फडक्याची रेघ ओढून किती उरला याचा अंदाज घेता येत असे. नळाचा गॅस आणि भिंतीवरचा गिझर आल्यावर मात्र जळण भिंतीत गेले. दोन महिन्यांनी बिल येते तेव्हा कोणत्या सकाळी काय जळाले हे सांगणारे काहीच हाताशी उरत नाही.

असे झाले की बचत कुणाच्या वाट्याला येते ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक घरांत आंघोळीचा एक क्रम ठरलेला असतो: आधी कामावर जाणारा पुरुष, मग मुले, मग सासू-सासरे, आणि डबे, नाश्ता, पूजेची तयारी उरकून सर्वांत शेवटी घरातली बाई. पंधरा लिटरांच्या गिझरमधले पाणी तोवर उतरलेले असते. पुन्हा बटण दाबून दहा मिनिटे थांबायला तिला वेळ नसतो, आणि बिल वाढते आहे ही चर्चा आदल्या रात्रीच जेवताना झालेली असते, म्हणून ती आहे त्या कोमट पाण्यावर आंघोळ उरकते. हे तिला कुणी सांगितलेले नसते. मी माझ्या आईला असे करताना पाहिले, मोठ्या जावेला पाहिले, आणि आज नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीलाही पाहते आहे. इंधनाच्या दरवाढीचा विषय निघतो तेव्हा आपण रुपयांत बोलतो; ती शेवटची कोमट बादली त्या रुपयांत कधीच धरलेली नसते.

तीच गोष्ट धुणीभांडी करणाऱ्या मावशींची. जानेवारीत सकाळी ठाण्यातले पाणी पुण्या-नाशिकइतके गार नसते हे खरे, पण चार घरची खरकटी भांडी एकामागून एक घासणाऱ्या हातांना ते पुरेसे गार असते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या सांध्यांना थंडीत सूज येते. भांड्यांच्या मोरीत गरम पाण्याची तोटी असूनही त्या ती कधी उघडत नसत, कारण आधीच्या एका घरी त्यावरून बोलणी खावी लागली होती. मी त्यांना स्पष्ट सांगितले की ही तोटी तुमच्यासाठीच आहे, तरी सुरुवातीला काही दिवस त्या उघडायच्या आधी माझ्याकडे पाहत. अर्धी बादली पाण्याला एक-दीड रुपया लागतो. त्या रुपयावर कुणाचे घर चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि आमच्या घरचा गरम पाण्याचा खर्च एकदम तिपटीने वाढला. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई दोन मोठी पातेली कढत पाणी मागत. त्यातले थोडे बाळाला, बाकी सगळे बाळंतिणीच्या कमरेवर आणि पाठीवर. त्या पायांवर बाळाला पालथे घेऊन कोपराने पाणी तपासत आणि तांब्याने संथपणे ओतत. दुपटी धुवायला पुन्हा गरम पाणी लागे, शेकाची पिशवी वेगळी. त्या दोन महिन्यांचे बिल पाहून माझ्या मनात क्षणभरही आले नाही की यातले काही कमी करता आले असते. घरात तान्हे मूल असेल, कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणी आजारातून उठत असेल, तर गरम पाणी हे औषध आहे आणि ते औषधाच्या रकान्यात लिहिले पाहिजे. सुदृढ माणसाच्या वीस मिनिटांच्या शॉवरशी त्याची बेरीज करून दोघांनाही सारखाच चाप लावणे मला अन्यायाचे वाटते.

काटकसरीची एक वाट तर जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. गॅसची बादली दोन रुपयांत आणि विजेची पाच रुपयांत पडते हे कळल्यावर पुष्कळ घरे गॅस गिझरकडे वळतात. यंत्र स्वस्त असते, पाणी लगेच येते, दोन सेलवर ठिणगी पडते. घरात जागा नसते म्हणून ते न्हाणीघरातच दाराजवळ टांगले जाते. थंडी पडली, की वरच्या झडपेच्या खिडकीतून गार वारा येतो म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावला जातो, किंवा डासांसाठी तिथे प्लास्टिक ठोकले जाते. बंद दाराआड गिझर आतल्याच हवेतला प्राणवायू जाळतो, तो कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. ‘गॅस गळला तर वास येईलच की’ असे म्हणणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की तो वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. गॅस जळल्यावर तयार होणारा हा विषारी वायू कोणतीही सूचना देत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते, आणि कडी काढण्याइतकीही शक्ती उरत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत हेच झाले. पाण्याचा आवाज चालू होता, म्हणून बाहेर कुणाला शंका आली नाही. धाकट्या भावाला शाळेची घाई होती, त्याने दार वाजवले, उत्तर येईना, तेव्हा वडिलांनी दार तोडले. मुलगी वाचली. तिच्या आईने नंतर मला तो पुठ्ठा दाखवला, दूधवाल्याच्या दिनदर्शिकेचा होता, चारही बाजूंनी नीट चिकटपट्टी लावलेला. लेकीला वारा लागू नये म्हणून तिनेच तो काळजीने लावला होता.

म्हणून गॅस गिझर हवाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या डक्टच्या बाजूला असावा, जळलेला वायू नळीवाटे थेट बाहेर जावा, आणि नळ फक्त आत यावा. यंत्रावर भारतीय मानक आयएस १५५५८ ची खूण पाहून घ्यावी. न्हाणीघरातून तो लगेच हलवता येत नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आत जावे. एकामागून एक आंघोळी करू नयेत. विजेच्या बाजूनेही अशीच दक्षता हवी. बादलीत सोडायची कॉईल स्वस्त मिळते आणि भाड्याच्या खोल्यांत, विशेषतः नवी मुंबईत नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलांकडे, ती हमखास दिसते. तिचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, आणि घरमालकाने अर्थिंग तपासून गळतीचा विद्युतप्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवले नसेल तर तो आग्रह भाडेकरूने धरावा. याला पैसे लागतात, पण ते पैसे इंधनाच्या दराशी ताडून पाहायचे नसतात.

आता आमच्या गच्चीकडे येते, कारण या सगळ्या हिशेबात मला सर्वाधिक वाईट तिच्याबद्दल वाटत आले आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या आमच्या बारा मजली इमारतीवर बांधकामाच्या वेळीच सौर बंब बसवलेले होते. नव्या इमारतींना ही अट ठाणे महापालिकेने पूर्वीच घातली होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही पावसाच्या पाण्याच्या संकलनाबरोबर सौर बंबाची तरतूद आहे. पण अट पूर्ण करण्यापुरते बसवलेले यंत्र आणि रोज चालवायचे यंत्र यांत फरक असतो. रहिवासी राहायला आल्यावर काही वर्षांत आमच्या काचेच्या नळ्यांपैकी बऱ्याच तडकल्या, टाकीच्या वेष्टनाला गंज चढला, आणि उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी चढवावे लागे त्या दिवसांचा पांढरा क्षार नळ्यांच्या तोंडाशी दगडासारखा बसला. शेवटी कुणीतरी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. मग प्रत्येक घराने आपापला गिझर घेतला, आणि डोक्यावर यंत्र असताना सत्तेचाळीस घरे सूर्य उगवल्यावर विजेने पाणी तापवू लागली.

खरे तर ठाण्याला सौर बंबासाठी हवामान अनुकूल आहे. आपण एकोणीस अंश अक्षांशावर आहोत, गरम पाण्याची खरी निकड डिसेंबर-जानेवारीत असते आणि नेमक्या त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असते. पावसाळ्याचे चार महिने हा बंब फारसे काम देत नाही हे खरे, पण तेव्हाचे नळाचे पाणीही तितके गार नसते. शंभर लिटर पाणी पंचवीसपासून साठ अंशांपर्यंत तापवायला चार युनिटे लागतात; तेवढी उष्णता गच्चीवरची दोन-अडीच चौरस मीटर जागा चांगल्या उन्हाच्या दिवशी देऊन जाते. अलीकडे वीज बनवणाऱ्या सौर पॅनेलांना सरकारी अनुदान मिळू लागल्यापासून सोसायट्यांचा कल तिकडे आहे, आणि लिफ्ट व पंपासाठी ती वीज हवीच. पण तेवढ्यासाठी जुने बंब भंगारात काढण्याची घाई करू नये, असे मी सभेत मांडले, कारण ऊन थेट पाण्यात उतरवणाऱ्या नळ्या त्याच जागेतून विजेच्या पॅनेलपेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा घेतात.

सभेत विरोध झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर, आणि तो मुद्दा रास्त होता. गच्चीवरून गरम पाण्याचा एकच नळ खाली येतो. एक इंच व्यासाच्या नळात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे पहिल्या मजल्यावर गरम पाणी पोहोचण्याआधी पंधरा-सोळा लिटर गार पाणी सोडून द्यावे लागते. अकराव्या मजल्यावरच्या माणसाने तोटी उघडली की ऊन पाणी हजर, आणि खालच्या घरांनी मात्र पाऊण बादली पाणी वाया घालवून तेवढीच वर्गणी भरायची, हे कुणाला पटेल? ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतात तिथे तर हे दुहेरी नुकसान आहे. सौर बंब आमच्याकडे बंद पडला त्याचे मूळ कारण तडकलेल्या नळ्यांपेक्षा ही नाराजी होती, असे मला त्या चर्चेत उमगले. निम्म्या इमारतीला ज्याचा उपयोग नाही ते यंत्र दुरुस्त करायला कुणी उत्साहाने पुढे येत नाही.

दिवाळीनंतर आम्ही पहिला टप्पा हाती घेतला. नळ्या बदलल्या, टाकी आतून साफ केली, तिच्यातला, टाकीचा गंज स्वतःवर घेऊन झिजून तारेएवढा उरलेला मॅग्नेशियमचा दांडा नवा घातला, गार पाणी उलटे शिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि उघड्या नळावर जाड वेष्टन चढवले. वरच्या सहा मजल्यांवर आता थंडीच्या दिवसांत गिझर लावावा लागत नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे आधी येणारे गार पाणी मी बादलीत धरते आणि ते फरशी पुसायला व कपडे भिजवायला जाते, त्यानंतर कढत पाणी येते. ज्या घरांत सकाळी एकाच वेळी दोघे-तिघे तयार होतात त्यांना एवढे थांबणे जमत नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही योग्य नाही.

दुसऱ्या टप्प्यात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक परतीचा नळ टाकून त्यावर लहान पंप आणि वेळेचे घड्याळ बसवायचे आहे, म्हणजे पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात नळातले पाणी फिरते राहील आणि खालच्या मजल्यांनाही तोटी उघडताच ऊन पाणी मिळेल. पंपाला लागणारी वीज थोडी आहे. खर्च आहे तो नळाचा, वेष्टनाचा आणि डक्टमध्ये उतरून काम करण्याचा. खालच्या सहा मजल्यांनी या टप्प्याची वर्गणी वेगळी भरावी, असे वरच्यांपैकी काहींचे म्हणणे आहे. मी आणि आणखी काही जणींनी लेखी दिले आहे की पहिल्या टप्प्याचे पैसे सर्वांनी सारखे भरले, तेव्हा दुसऱ्याचेही सारखेच भरावेत. नळाची मोजमापे घेऊन झाली आहेत, दोन ठिकाणची दरपत्रके आली आहेत, आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय चौथ्या क्रमांकावर आहे. या वेळी तळमजल्यावरच्या बायकांनीही सभेला यावे म्हणून आम्ही सभेची वेळ रविवारी संध्याकाळी ठेवायला लावली आहे.